शेवटी बाहेर येते ती आपली

१९ मे २०२३. पॅकहाऊसच्या ओट्यावर आमचे १८ क्रेट उतरवून झाले होते. तपासणारा मुलगा एकेक हापूस कापून बघत होता. सहाव्या आंब्यात त्याची सुरी थांबली. सालीखाली गर पाणथळ झालेला, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढी पांढरट अळी. त्याने ती सुरीच्या टोकावर घेतली, तशी तिने अंगाची गुंडाळी केली आणि टणकन उडी मारली. फळमाशीची अळी अशी उडते हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. निर्यातीचा माल म्हणून आणलेले सगळे क्रेट परत.

काका काही बोलले नाहीत. टेम्पोवाल्याला फक्त हाताने कॅनिंगवाल्यांच्या वजनकाट्याची दिशा दाखवली. डझनाच्या भावाचा आंबा किलोच्या भावाने गेला. २८ रुपये किलो, सगळे मिळून दहा हजार आणि वर चिल्लर.

मी कल्याणला पंचवीस वर्षं बँकेत काढून देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेत परत आलेली बाई. कलमं ६२, पाच-सहा रायवळ, खळ्याच्या कडेला पेरू, विहिरीपाशी बदामाचं झाड. बागेतलं सगळं ज्ञान काकांचं, माझ्याकडे हिशेबाची सवय तेवढी. पुढची दोन वर्षं मी जे केलं त्यातलं अर्धं या सवयीपोटी झालं. हे लिहायचं कारण एवढंच, की जून २०२३ मध्ये असं काही मला मराठीत वाचायला मिळालं असतं तर माझे पाच महिने वाचले असते.

फळमाशीचा धसका आमच्या भागाला जुना आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातल्या आंब्याची आयात थांबवली ती मालात फळमाश्या सापडल्यामुळेच. त्यासोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकलं होतं. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, पण तेव्हापासून निर्यातीच्या बागेची मँगोनेटवर (म्हणजे अशा बागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत) नोंदणी, पाहणी, गरम पाण्याची प्रक्रिया हे सगळं मागे लागलं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला तर विकिरणाची मात्रा द्यावी लागते.

आमच्याकडे सापळे नव्हते असं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे आम्ही दर वर्षी लावतो. त्यातल्या मिथाइल युजेनॉलला भुलून येतात ते फक्त नर. (तुळशीतही हाच पदार्थ असतो. वृंदावनाभोवती घोटाळणाऱ्या माश्या काही भक्तीने येत नाहीत.) सापळ्यात मेलेल्या नरांचा ढीग बघून बरं वाटतं, पण एकदा गाठ पडलेली मादी आंब्याला डंख मारायला मोकळीच. एक मादी आयुष्यात हजाराच्या घरात अंडी घालते.

जूनमध्ये बागेत काम कमी. पडवीत बसून फोनवर वाचताना हवाई बेटांची गोष्ट सापडली. आपली ही आंब्यावरची फळमाशी १९४५ च्या सुमारास तिथे पोचली आणि सगळ्या फळांची माती केली. मग तिथल्या लोकांनी आशियाभर फिरून तिचे शत्रू शोधून आणले. मुंगीपेक्षा थोड्या मोठ्या, माणसाला न चावणाऱ्या गांधीलमाश्या. त्या फळमाशीच्या अंड्यात किंवा अळीत आपलं अंडं घालतात. अळी मोठी होते, तिचा कोष होतो, आणि कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर पडते. मी ठरवलं, या विकत आणायच्या.

पहिले सहा फोन एकाच गोंधळात गेले. 'मित्रकीटक हवेत' म्हटलं की समोरून 'ट्रायकोकार्ड ना? उसाला की भाताला?' एका कार्डावर वीसेक हजार अंडी, किंमतही परवडणारी. मी जवळजवळ मागवलंच होतं. सातव्या फोनवरच्या एका शांत माणसाने विचारलं, 'ताई, तुमची कीड पतंग आहे की माशी?' त्या कार्डावरचा ट्रायकोग्रामा नावाचा मित्रकीटक पतंगांच्या अंड्यांवर जगतो, फळमाशीला त्याचा काही उपयोग नाही. फोन करण्याआधी किडीचं पूर्ण नाव, पीक आणि महिना कागदावर लिहून ठेवा, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते.

शेवटी बंगळुरूच्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंना ईमेल लिहिली. तारीख २७ जून. पाच आठवडे उत्तर नाही. दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा लाज वाटली म्हणून नाही केली. १ ऑगस्टला चार ओळी आल्या. फळमाशीवरच्या गांधीलमाश्या आपल्याकडे ट्रायकोकार्डासारख्या विकत मिळत नाहीत. परदेशातून जिवंत कीटक आणायचा तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांचा परवाना लागतो, मग विलगीकरणात तपासणी, आणि हे एकट्या बागायतदाराचं काम नव्हे. चौथी ओळ अशी होती: 'पण तुमच्या बागेत आधीच काय आहे ते पाहिलंत का?'

पाहिलं नव्हतं. आणि आता बागेत आंबाच नव्हता. पण पेरू होते. ऑगस्टच्या पावसात आमचे पेरू किडीने भरलेले असतात, कोणी तोंड लावत नाही. बाईंनी दुसऱ्या ईमेलमध्ये रीत कळवली होती. रुंद तोंडाची बरणी, तळाला तीन बोटं चाळलेली ओलसर रेती, वर काड्यांची जाळी, त्यावर पडीचे पेरू, तोंडाला मलमलचं फडकं. अळ्या फळातून उतरून रेतीत शिरतात आणि कोष करतात. फळाचा लगदा झाला की काढून टाकायचा, रेती चाळून कोष मोजायचे आणि परत रेतीत ठेवायचे.

पहिल्या बरणीत फक्त माश्या निघाल्या. पिवळ्या पट्ट्यांच्या, काचेवर फिरणाऱ्या, दिसायला खरं तर देखण्या. दोन-तीन दिवस माश्या निघत राहिल्या, मग थांबल्या. उरलेले कोष मेले असं समजून मी पंधराव्या दिवशी बरणी उकळत्या पाण्याने धुतली. पडलेली फळं खोल खड्ड्यात पुरायची किंवा जाळायची हा सल्ला लहानपणापासून ऐकलेला, तोच मी बरणीला लावला.

दुसरी बरणी ३० ऑगस्टला भरली आणि चतुर्थीच्या गडबडीत विसरले. मुंबईची माणसं आली, पडवीत गाद्या पडल्या, बरणी कोणीतरी उचलून फडताळात सरकवली. गौरी-गणपती पोचवून झाल्यावर, २४ सप्टेंबरला, फडताळ आवरताना ती हाती लागली. तळाशी माश्या मरून पडलेल्या. आणि वर मलमलीला खालून चिकटून चालत होत्या बारीक विटकरी रंगाच्या गांधीलमाश्या. लांब मिशा सारख्या थरथरवणाऱ्या. काहींच्या मागे अंगाहून लांब केसासारखी शेपूट. ती त्यांची अंडं घालायची नळी.

गांधीलमाश्या फळमाश्यांच्या आठवडाभर मागून येतात. एवढी साधी गोष्ट मला सात फोन आणि तीन ईमेलमध्ये कोणी सांगितली नव्हती, कारण मी विचारली नव्हती. पहिल्या बरणीत मी उकळत्या पाण्यात काय घालवलं ते तेव्हा कळलं. या दुसऱ्या बरणीत १२६ कोष होते. ९३ माश्या, १४ गांधीलमाश्या, बाकीच्यांतून काही नाही. रिकामे कोष भिंगाखाली ठेवले तर कोणातून कोण निघालं तेही दिसतं. माशी कोषाचं टोपण फोडून निघते, फट सरळ असते. गांधीलमाशी कुरतडून निघते, भोकाच्या कडा वेड्यावाकड्या.

काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

'चावतत काय?'

'नाही.'

'मग माशयो मारूचे सोडून तू मोजीत कित्याक बसलंस?'

पुढचा टप्पा ओळख पटवण्याचा, आणि त्यात दोन महिने गेले. नमुने अल्कोहोलमध्ये पाठवा, असं सांगण्यात आलं. तसलं अल्कोहोल औषधाच्या दुकानात मिळत नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. सॅनिटायझरमध्ये घातलेले पहिले नमुने चिकट होऊन वाया गेले. शेवटी एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी, काय काम आहे ते दहा मिनिटं विचारून, चार छोट्या कुप्या भरून दिल्या. कुरियरवाला म्हणाला, द्रव नेणार नाही, त्यातून पेट घेणारा तर नाहीच. मग उपाय असा: नमुने दोन दिवस अल्कोहोलमध्ये मुरू द्यायचे, द्रव ओतून टाकायचा, कुपीत ओला कापूस कोंबून बूच लावायचं. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: गाव, तारीख, कोणत्या फळातून, कोणी गोळा केलं. पेनची शाई धुऊन जाते, हे मी करून पाहिलेलं आहे.

सोबत विनंतीपत्र लागतं. माझं पहिलं पत्र परत आलं, कारण 'संस्था' या रकान्यात मी 'स्वतःची बाग' लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी त्याच रकान्यात 'शेतकरी' लिहिलं आणि सातबाऱ्याची प्रत जोडली. गेलं. कुरियर, कुप्या, शुल्क, झेरॉक्स धरून १,७६० रुपये.

१४ डिसेंबरला उत्तर आलं. दोन जाती. लांब शेपटीची डायकॅसमिमॉर्फा लाँगिकॉडाटा आणि दुसरी, जरा काळपट, फोपियस अरिसॅनस. लांब शेपटीची सडत्या फळाच्या वासावर येते आणि नळी फळात खुपसून आतल्या मोठ्या अळीत अंडं घालते. फोपियसचं काम त्याही आधीचं. माशीने डंख मारून गेल्या गेल्या ती त्याच जागी पोचते आणि माशीच्या अंड्यातच आपलं अंडं ठेवते.

हे वाचून मी खुर्चीत बसूनच हसले. हवाईत चमत्कार केला तो फोपियसनेच. तिथे १९४८ च्या सुमारास आधी लांब शेपटीवालीने जोर धरला, मग दुसऱ्या एका जातीने, आणि १९५० पर्यंत फोपियस या सगळ्यांच्या वर गेली. ती तिथे नेली होती आशियातूनच. त्याच्याही आधी, १९१६ मध्ये, काकडीवर्गातल्या माशीसाठी हवाईने भारतातून एक गांधीलमाशी नेली होती, आणि तिच्या नावात बिहारमधल्या पुसाच्या कृषी संस्थेतल्या कीटकतज्ज्ञ फ्लेचर साहेबांचं नाव आहे. मी जिच्यासाठी परवाने शोधत होते ती आमच्या कुजक्या पेरूत बसलेली होती.

मात्र ती होती थोडी. आणि आम्ही दर वर्षी पडीची फळं पुरून माशीबरोबर तिलाही पुरत होतो. फळं उघडी टाकली तर माशी वाढणार. याचं उत्तरही हवाईतच सापडलं: फळं एका तंबूत टाकायची. तंबूची जाळी अशी, की फळमाशी आत कोंडून मरेल आणि बारीक अंगाची गांधीलमाशी निसटून बागेत जाईल.

वाचायला सोपं. जाळी कुठली, यातच जानेवारी गेला. मच्छरदाणीतून दोघीही जाईनात. शेडनेटची भोकं ओढली की पसरतात, त्यातून दोघीही गेल्या. बाटलीच्या तोंडाला जाळी बांधून, आत पाच माश्या आणि पाच गांधीलमाश्या सोडून, बाटली उजेडाकडे करून मी तासन्‌तास बसायचे. तिसरी जाळी कणकवलीच्या बाजारात मिळाली, विणीची, भोक दोन मिलिमीटरच्या आसपास. त्यातून गांधीलमाशी आधी मिशा काढायची, मग डोकं, मग एकदम बाहेर. फळमाशी डोकं घालायची आणि छातीपाशी अडकून मागे फिरायची. तुम्ही करणार असाल तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. एक फूट जाळी घ्या, बाटली लावून बघा, मगच थान मागा.

तंबू ६ फूट लांब, ६ रुंद, उंची तेवढीच. पीव्हीसी पाइपचा सांगाडा ९८० रुपये. बाजूंना जाड ताडपत्रीचं कापड आणि वरच्या बाजूला जाळीच्या दोन खिडक्या, १,६५०. शिलाई छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून, ६०० (आधी तो 'लग्नाचा मांडव काय?' म्हणाला). चेन, दोरी, किरकोळ ४२०. एकूण ३,६५० रुपये. १० मार्च २०२४ ला उभा केला.

'ह्या काय गो?' काका म्हणाले. 'कुसके आंबे जपून ठेवतंस? लोका हसतली.'

हसली. त्याचं काही वाटलं नाही, चुकांचं जास्त वाटलं. पहिली चूक जागेची. मी तंबू कातळावर लावला, कारण जागा मोकळी होती. कातळात कापडाची कड पुरता येत नाही, खालून फट राहते, आणि दुपारी आत भट्टी होते. आठ दिवसांत उचलून रायवळाच्या सावलीत मातीवर आणला, कड वीतभर पुरली. दुसरी चूक दाराची. मी वेल्क्रो लावलं होतं, त्यात पाला-माती अडकून फट पडायची. चेनच हवी, आणि दाराच्या आत आणखी एक पडदा. फळं टाकायची ती पहाटे, माश्या गारठून बसलेल्या असताना. दुपारी दार उघडलंत तर दहा-वीस डोळ्यांदेखत निघून जातात.

तिसरी गोष्ट माझी चूक नव्हती. आंब्याची पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना खिडकीचा पत्ता लागला. बाहेर पडणारी प्रत्येक गांधीलमाशी त्या दारातच धरायच्या. काकांचा जीव या मुंग्यांवर, कारण त्या असलेल्या कलमाला डंख कमी लागतो, आणि ते खरंही आहे. त्यामुळे मुंग्या मारायच्या नाहीत असं ठरलं. तंबूला टेकलेल्या फांद्या छाटल्या, दोऱ्यांना ग्रीस लावलं. पाइपच्या पायांशी पाण्याच्या वाट्या ठेवल्या त्या मात्र रोज गुरं लवंडायची.

वासाबद्दलही सांगायला हवं. दिवसाला अर्धं घमेलं पड, त्यात मे महिन्यातलं ऊन. घरापासून निदान पन्नास पावलं लांब लावा. आत तीन बोटं रेती असेल तर पाणी शोषलं जातं. आणि तंबूच्या आसपास फवारणी नाही. माशीपेक्षा गांधीलमाशी औषधाला लवकर बळी पडते.

३ एप्रिलला मँगोनेटच्या नूतनीकरणाची पाहणी होती. सातबारा, आठ-अ, बागेचा नकाशा, फवारणीची वही, सगळं फाइलला लावलेलं. कृषी सहायक बाई बागेत फिरल्या, सापळे मोजले, आणि तंबूपाशी थबकल्या. तपासणीच्या कागदावर विचारलं होतं: पडलेली फळे नष्ट केली का? हो किंवा नाही.

'काय लिहू?' त्यांनी मला विचारलं.

मी बरणी आणून दाखवली. त्या पडवीत वीस मिनिटं बसल्या, कोकम सरबत घेतलं, रिकामे कोष भिंगातून बघितले. मग 'हो' वर खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'बंदिस्त केली'. जाताना जाळीचा तुकडा मागून नेला.

आता आकडे, कारण विचारणारे तेच विचारतात. २०२४ च्या हंगामात पॅकहाऊसला दोन खेपा दिल्या, एक पास झाली, एक नाही. नापास झाली ती २२ मेची, दोन दिवस वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची. २०२५ मध्ये पाऊस मेमध्येच लवकर कोसळला आणि आम्ही शेवटच्या आंब्याची निर्यातीची आशाच सोडली. त्याआधी दिलेल्या दोन्ही खेपा पास. तंबूमुळे की सापळ्यांमुळे की लवकर काढणी केल्यामुळे, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सापळे अजून लावतोच. ६२ कलमांच्या बागेत माशी शेजाऱ्याच्या बागेतूनही येते, आणि शेजाऱ्याकडे तंबू नाही. नुसत्या तंबूवर भरवसा ठेवून सापळे काढू नका.

बरणीत मात्र फरक दिसतो. ऑगस्ट २०२४ च्या पेरूंतून १४० कोष मिळाले, त्यांतून ३१ गांधीलमाश्या. एका बरणीवरून कोणी निष्कर्ष काढू नये, म्हणून यंदा चार बरण्या लावल्या आहेत. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी आणि खाली लाल शाईत '२८ दिवस धुवू नये'. लाल अक्षर माझं नाही. काकांनी लिहिलंय, मुंबईची माणसं येतात म्हणून.

आंब्याची पड संपल्यावर तंबू सोडवून, धुऊन, मांगरात टांगला होता. आता विहिरीपाशी बदाम पडायला लागलेत. आंबा नसतो तेव्हा माशी त्याच्यावर आणि पेरूवर दिवस काढते, म्हणून तंबू तिकडे हलवायचा आहे. काल सकाळी जागा बघायला गेले तर काकांनी पालापाचोळा ओढून चर आधीच खणून ठेवलेला होता, वीतभर खोल, चारी बाजूंनी.